एका गणिताला दीड तास

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरला ९० मिनिटं मिळतात आणि प्रश्न असतात ५०. एका प्रश्नाच्या वाट्याला १०८ सेकंद येतात. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, सूत्र आठवायचं, आकडेमोड करायची आणि चारांतला एक पर्याय निवडायचा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला बसणारी मुलंही शाळा आणि ज्युनिअर कॉलेजच्याच वयाची. तिथे पहिल्या दिवशी तीन प्रश्न आणि साडेचार तास, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. सीईटीत ज्या वेळात ५० प्रश्न उरकायचे, त्याच दीड तासात इथे एकाच प्रश्नाशी झुंजायचं. देशोदेशीच्या निवडक मुलांनाही तो पुष्कळदा सुटत नाही.

दोन्ही परीक्षांची कामं वेगळी आहेत. लाखो मुलांची प्रवेशयादी लावायची तर पहिली पद्धत सोयीची पडते, हे मान्यच. दुःख याचं आहे की आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांना शाळेच्या दहा वर्षांत दुसऱ्या प्रकारचं गणित एकदाही भेटत नाही. १९९६ मध्ये हे ऑलिंपियाड मुंबईत भरलं होतं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आजही देशातल्या निवडक मुलांची त्यासाठी तयारी करून घेतं. पण त्या मूठभर मुलांपलीकडे वर्गात काय चालतं? उदाहरण सोडवून दाखवायचं, त्याच साच्यातली दहा गणितं घरी द्यायची, उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी ताडून पाहायचं. एखादं मूल एका गणितापाशी दोन दिवस थांबलं तर ते अडलं असं आपण म्हणतो आणि त्याला क्लासला घालतो. गणिताची सगळी गोडी नेमकी त्या थांबण्यात असते.

याचा दाखला शोधायला फार लांब जावं लागत नाही, देवळालीपर्यंत गेलं तरी पुरे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे शिकत असताना, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. लहानपणी कोड्यांचा नाद लागला होता, तो उतारवयापर्यंत सुटला नाही, एवढंच भांडवल. त्या भांडवलावर त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत जी गोष्ट मांडली, ती आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

त्यांच्याच जन्मसालापासून सुरुवात करावी. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने लावले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. आता याच संख्येचे अंक तसेच लावायचे: ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. पुढे ७४४३, मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आठवी केली तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी तिथेच थांबते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी ती जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबते. १९०५ ला पुरे सात टप्पे लागतात आणि योगायोगाने १९४९ लाही सातच.

इथवर ती जादू वाटते, आणि बहुतेक ठिकाणी हा विषय इथेच सोडून दिला जातो. ही मोठी चूक आहे, कारण खरी मजा यापुढे सुरू होते. असं का होतं? नऊ हजार संख्या एकेक करून तपासायच्या का?

नाही. अंक क्रमाने लावून वजाबाकी केली की मूळ संख्येतल्या फक्त दोन गोष्टी महत्त्वाच्या उरतात: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांमधला फरक आणि मधल्या दोन अंकांमधला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणायचं, दुसऱ्याला ९० ने आणि बेरीज करायची. १९०५ मध्ये ९ आणि ० यांतला फरक ९, मधल्या ५ आणि १ यांतला फरक ४. नऊ गुणिले ९९९ म्हणजे ८९९१, चार गुणिले ९० म्हणजे ३६०, बेरीज ९३५१. वरची पहिली वजाबाकी तीच. आता पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतकाच, त्याहून मोठा नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. हजारो संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ दारांतून आत येते. ६१७४ चे अंक पाहिले तर ७ आणि १ यांतला फरक ६, ६ आणि ४ यांतला फरक २. सहा गुणिले ९९९ अधिक दोन गुणिले ९० म्हणजे पुन्हा ६१७४.

यात बीजगणिताचा एकही धडा लागला नाही. हातच्याची वजाबाकी येणाऱ्या चौथी-पाचवीच्या मुलाला हे सगळं करता येतं. तीन अंकी संख्यांचा खेळ तर त्याहून छोटा आहे. तिथे पहिल्या वजाबाकीनंतर ९९ च्या पटीतल्या नऊच संख्या उरतात आणि सगळ्या ४९५ ला जाऊन मिळतात. दोन अंकी संख्या मात्र कुठेच थांबत नाहीत: ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९, असं रिंगण चालू राहतं. चार अंकांना मुक्काम सापडतो आणि दोन अंकांना का सापडत नाही, हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो. तो कुणी पाठ्यपुस्तकात छापून देण्याची गरज पडत नाही.

कापरेकरांनी आपल्या संख्यांना ठेवलेली नावंही बोलकी आहेत. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्मते, २१ मध्ये २ आणि १ मिळवून २४ होते तशी. काही संख्या मात्र अशा कुठल्याच संख्येपासून जन्मत नाहीत. शंभरच्या आत २०, ३१, ४२ अशा १३ आहेत. ज्या गावात आयुष्य काढलं त्याचं नाव त्यांनी या संख्यांना दिलं: देवळाली संख्या.

या सगळ्यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. रामानुजन यांचे सहकारी जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्यांचा दाखला दिला. उलट्या लिहिलेल्या आपल्याच रूपाच्या पूर्ण पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्या दोनच: ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. हार्डींचं म्हणणं असं की कोडी छापणाऱ्या सदरात ही माहिती शोभेल, गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही. गणिताचा पुढचा प्रवास कशाने घडतो या दृष्टीने त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि भारतातल्याही अनेक गणितज्ञांना कापरेकरांचं काम किरकोळ वाटलं. पण हार्डी बोलत होते ते गणिताच्या माडीवरून. जिना कुठून सुरू होतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. नऊ हजार संख्यांचा प्रश्न ५४ वर आणायचा, मग ते ५४ तपासायचे, ही विचाराची चाल अस्सल गणिताची आहे. ती ज्याच्या हाताला लागली, त्याला पुढे मोठ्या प्रमेयांतही ती ओळखू येते.

कापरेकरांची जगाला ओळख झाली ती मार्च १९७५ मध्ये. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या ‘मॅथेमॅटिकल गेम्स’ या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं. गार्डनर यांची पदवी तत्त्वज्ञानाची. कॉलेजात गणित न शिकलेल्या या माणसाने १९५७ पासून पाव शतकाच्या आसपास गणिताचं सदर चालवलं. १९७५ च्याच जुलैमध्ये त्यांनी पंचकोनी फरश्यांचा विषय घेतला: एकाच आकाराच्या, कुठेही आत न दबलेल्या पंचकोनांनी फट न ठेवता जमीन झाकायची, तर असे पंचकोन किती प्रकारचे? सॅन डिएगोला राहणाऱ्या मार्जोरी राइस या गृहिणीने मुलासाठी घरी येणाऱ्या अंकात ते वाचलं. गणिताचं शिक्षण हायस्कूलपुरतं. तिने स्वतःची खुणांची पद्धत तयार केली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढायला लागली. घरात कुणी आलं की त्या झाकून ठेवायची. तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेले पंचकोनांचे चार नवे प्रकार तिने शोधून काढले. असे प्रकार एकूण १५ आहेत, याची सिद्धता मिशेल राव यांनी २०१७ मध्ये दिली.

तिच्यावर कुणी १०८ सेकंदांचं घड्याळ लावलं नव्हतं.

गणिताशी असं रमणं आपल्या परंपरेच्या रक्तात आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त गणितं येतात ती भुंग्यांची, हंसांची, माकडांची. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे सरपटतो, मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? उत्तर १२ हात, प्रत्येकाची चाल १५ हातांची. काटकोन त्रिकोणाचा हाच नियम आज ‘समजा, एक शिडी भिंतीला टेकवली’ अशा रूपात येतो आणि मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे इथे आहे.

हंगेरीत १८९४ मध्ये दानिएल अरानी या हायस्कूलच्या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणितांचं मासिक काढलं. त्यात प्रश्न छापायचे, मुलांनी घरी बसून सोडवून उत्तरं धाडायची, उत्तम उत्तरं नावासकट छापायची. पुढे उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटोही छापले जाऊ लागले. पॉल एर्डोश शाळेत असताना त्यात उत्तरं पाठवत. मासिक आजही चालू आहे. मराठी वर्तमानपत्रांत शब्दकोडी आणि सुडोकू नेमाने येतात. गणिताची भीती वाटते असं सांगणारी माणसं लोकलमध्ये पेन घेऊन सुडोकू भरताना दिसतात आणि भरून झाल्यावर खूश होतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी महिन्याला एक गणित छापावं, उत्तर पुढच्या महिन्यात द्यावं, मुलांची उत्तरं नावानिशी छापावीत. एवढ्याला एक कोपरा पुरतो.

शाळांकडूनही मागणं मोठं नाही: आठवड्याचा एक तास, गुण नाहीत, उत्तरतालिका नाही. सुरुवात पाचवीपासून करता येईल. वर वजाबाकीतून आलेल्या ५४ संख्या शिक्षकांनी फळ्यावर लिहाव्यात, ०९९९ आणि १०८९ पासून ९८०१ पर्यंत. आपल्याकडे वर्गात पुष्कळदा साधारण तेवढीच मुलं असतात. प्रत्येकाला एक संख्या. प्रत्येकाने आपली वजाबाकी ६१७४ पर्यंत न्यायची आणि किती टप्पे लागले ते फळ्यावर लिहायचं. शेजाऱ्याने तपासायचं. चोपन्नावी ओळ लिहून झाली की त्या वर्गाने कापरेकरांचं विधान पूर्ण सिद्ध केलेलं असेल, एकही संख्या न सोडता. शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या वाट्याला यादीतली शेवटची संख्या येईल, हार्डींना निरर्थक वाटलेली ९८०१. तिला तीनच वजाबाक्या लागतील: ९६२१, ८३५२, ६१७४.