डोमकावळ्याचे उत्तर

भयकथा, संगणकावरचा खेळ आणि वृत्तबद्ध कविता या तिघांना एका पंगतीला बसवा म्हटले, की आपल्या रसिकांच्या कपाळाला आठ्या पडतात. काव्याच्या कैवाऱ्यांना खेळाचा विटाळ होतो. खेळणाऱ्यांना वृत्त ही नुसती झालर वाटते. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पद्यात सांगितलेला भयखेळ ही कवितेची विटंबना नव्हे. तिच्या एका जुन्या सामर्थ्याला मिळालेले ते नवे घर आहे.

हा खेळ निव्वळ अक्षरांचा असतो. चित्र नाही, आवाज नाही. आपण एका ओसाड हवेलीच्या दाराशी उभे आहोत, एवढे पडद्यावर उमटते. मग आपण आज्ञा टंकायची : ‘दार उघड’, ‘दिवा घे’. आज्ञा कळली तर यंत्र पुढले वर्णन देते. न कळली तर तसे सांगते. विल क्राउदर या अमेरिकन गृहस्थाने १९७५-७६च्या सुमारास केंटकीतील मॅमथ गुहेच्या माहितीवरून असा खेळ रचला आणि १९७७ साली डॉन वुड्स यांनी तो वाढविला. त्याला एकदोन शब्दांच्याच आज्ञा कळत. १९९७ साली ग्रॅहम नेल्सन यांनी तर शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातील शब्दांनीच अशा खेळाची उत्तरे घडविली.

आता काव्यपंडितांचा मुख्य आक्षेप पाहू. ते म्हणतात, कविता आखीव असते आणि खेळणारा मोकाट. त्याच्या प्रत्येक शब्दाने लय मोडणारच. या मंडळींनी एडगर अ‍ॅलन पो यांची १८४५ सालची ‘द रेव्हन’ ही कविता पुन्हा एकदा वाचावी. तिच्यात घडते काय? एक शोकाकुल तरुण प्रश्न विचारतो आणि डोमकावळा दर वेळी तोच एक नकाराचा शब्द उच्चारतो. १८४६च्या निबंधात पो यांनी याची कारणमीमांसा केली आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारायला विचारशक्ती नसलेला पण बोलू शकणारा प्राणी हवा होता. आधी पोपट सुचला, मग डोमकावळा. तरुणाला उत्तर ठाऊक होते, तरी तो अधिकाधिक झोंबणारे प्रश्न विचारीत राहतो. बोलणारे पण न समजणारे यंत्र आणि त्याच्यासमोर हट्टाने बसलेला माणूस! या खेळाचा सारा आराखडा इथे, वृत्तात, संगणकाच्या शंभर वर्षे आधी मांडलेला आहे. भय भुताचे नाही. काही केल्या न बदलणाऱ्या उत्तराचे आहे.

पण म्हणूनच माझे दुसरे भांडण खेळ रचणाऱ्यांशी आहे. वर्णने वृत्तात आणि नकार गद्यात, ही सोयीची वाटणी मला साफ नामंजूर आहे. तळघराच्या पायऱ्या लयीत उतरत असताना ‘ही आज्ञा समजली नाही’ असे कारकुनी वाक्य आले, की हवेली नाहीशी होते आणि कचेरी उरते. नकार हाच तर इथला डोमकावळा! त्यालाच वृत्ताबाहेर काढले तर राहिले काय? खेळणाऱ्याने टंकलेले दोन शब्द चरणाचा आरंभ मानावेत आणि यंत्राने तो चरण यमकासह पुरा करावा. आपलेच शब्द यमकात अडकल्याचे पाहून माणसाला जो काटा येईल, तो कोणत्याही सांगाड्याने येणार नाही. पळण्यासाठी तोंड उघडावे, तर तेही हवेलीच्या मालकीचे निघाले!

हे मराठीला परके आहे, असेही कोणी सांगू नये. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग म्हणजे बंद दारापुढे उभे राहून केलेली दार उघडण्याची विनवणीच नव्हे काय? तिथे आत भाऊ होता. दाराआड कोणी नसेल, किंवा नको तो असेल, तर त्याच आज्ञार्थाला केवढा थरकाप सुटेल!

काम कष्टाचे आहे, अशक्य नाही. खेळाला कळणाऱ्या क्रियापदांची यादी मर्यादित असते. ज्या कवीला माझे म्हणणे खोटे वाटते, त्याने ‘उघड’ हे एकच क्रियापद घ्यावे आणि न उघडणाऱ्या दाराची दहा उत्तरे एकाच वृत्तात लिहावीत. दहावे उत्तर लिहिताना त्याला मागे वळून पाहावेसे वाटले नाही, तर मी हरलो.