मेंदूतली गाठ आणि न सांगितलेला आजार

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात धडधाकट माणसाला एकाएकी झटके आले, हात लुळा पडला, की घरचे आधी मिरगी म्हणतात, मग लकवा. स्कॅनमध्ये गाठी दिसल्या की शेजारीपाजारी कॅन्सर ठरवून मोकळे! एचआयव्हीचे नाव कोणी काढत नाही. माझ्या मते निदान चुकायला सुरुवात होते ती इथेच.

कारण स्कॅनवर दिसणारी कडी फसवी असते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, क्षयाची गाठ आणि लिम्फोमा हा कॅन्सर, तिन्ही सारखेच दिसू शकतात. पाश्चात्त्य पुस्तके टोक्सोप्लाझ्माला पहिला मान देतात. आपल्या मुलखात क्षयाला मागे सारून कसे चालेल? सीडी-४ पेशी १००च्या खाली आणि रक्तात टोक्सोप्लाझ्माची प्रतिपिंडे असली, तर डॉक्टर को-ट्रायमोक्सॅझोलसारखे औषध सुरू करतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढतात. गाठ आटली, तर औषधानेच निदान केले म्हणायचे. नाही आटली, तर कवटीला छिद्र पाडून तुकडा तपासणे आले. त्यातही मेंदूची सूज उतरवायला स्टिरॉइड दिलेले असेल, तर लिम्फोमाही तात्पुरता आक्रसतो आणि सारेच गणित बिघडते.

हे सगळे पुढचे. आधी रक्ताची चाचणी हवी. एआरटीची औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून फुकट मिळू लागली. २०१७च्या कायद्याने गुप्तताही बंधनकारक केली. तरी केंद्राच्या रांगेत गावचे कोणी भेटेल, या धास्तीने माणूस घरीच डोके धरून बसतो.