कांद्याची वाट अडवू नका

शेतकरी, व्यापारी, हमाल आणि कांदा विकत घेणाऱ्या प्रत्येक घरासाठी

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लाल कांद्याची आवक नेमकी याच दिवसांत असते. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. ज्याला थांबण्याची सोय नाही, त्यालाच सरकारने गाठले. २०१९ आणि २०२० मध्येही निर्यातबंदी झाली होती. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण चाळीस टक्के शुल्क लावून. ते एप्रिल २०२५ मध्ये पुरते गेले. मात्र रातोरात अधिसूचना काढण्याचा अधिकार १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने दिला आहे, तो शाबूत आहे.

मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. सरकारच नको, असे म्हणणाऱ्यांतला नाही. न्यायालय हवे, रस्ता हवा. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांनी या राज्यातली माणसे जगवली, ते योग्यच होते. व्यापारी साटेलोटे करून भाव पाडत असतील, तर त्यांना रोखणे हेही सरकारचेच काम.

पण शहरातल्या गरिबाला कांदा परवडत नाही, म्हणून निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याचे गिऱ्हाईक तोडायचे, हा कुठला न्याय? गरिबाच्या खात्यात थेट पैसे टाका. सरकारी हस्तक्षेपाचा कडवा विरोधक मिल्टन फ्रीडमन यानेही १९६२ मध्ये हाच मार्ग सुचवला होता: भाव बांधू नका, कमी पडणाऱ्या उत्पन्नाला हातभार लावा. तो खर्च साऱ्या करदात्यांनी उचलावा. बंदी आली की तो एकट्या कांदा उत्पादकाच्या ट्रॉलीतून वसूल होतो. हा करच आहे, पण अंदाजपत्रकात त्याची ओळ नसते आणि संसदेत त्यावर मतदान होत नाही. मला सर्वांत जास्त चीड याची येते. बंदरावर माल अडकला की परदेशातला खरेदीदार दुसरा देश शोधतो. बंदी उठली म्हणून तो लगेच परतत नाही.

चाकणला शेतकरी नेते शरद जोशींनी १९८० मध्ये कांदा उत्पादकांना रस्त्यावर आणले, त्याला चार दशके उलटून गेली, तरी कांद्याची वाट अडवण्याची मुभा सरकारकडे आहेच.

म्हणून माझी मागणी एवढीच: संसदेच्या मंजुरीशिवाय शेतमालाची निर्यात बंद करता येणार नाही, आणि केलीच तर भावातला फरक सरकार भरून देईल, असे कायद्यात लिहा. हा ठराव आपापल्या ग्रामसभेत मांडा आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची त्यावर सही घ्या.