विश्लेषण : पालक, राजमा, दुधीत ‘विष’ असते का? भाज्या-कडधान्यांतील नैसर्गिक रसायने नेमकी कधी घातक ठरतात?

‘पालक खाल तर मुतखडा होईल’, ‘राजम्यात लेक्टिन नावाचे विष असते’, ‘पालक-पनीर एकत्र खाणे चूक’ अशा चित्रफिती सध्या प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत आहेत. त्याच मोबाइलवर पुढच्याच मिनिटाला हळदीतील कर्क्युमिनच्या किंवा ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांची जाहिरात येते. एकीकडे वनस्पतीतील रसायनांची भीती, दुसरीकडे त्यांचीच विक्री. या दोन टोकांत खरे काय?

ही रसायने भाज्यांत येतात कुठून?

झाडाला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव करायचा तर रसायने तयार करणे हाच त्याच्यापुढचा मार्ग. कारल्याचा कडूपणा, मोहरीचा झणका, अळूची खाज, चहाचा तुरटपणा हे सारे त्यातूनच आलेले. काही रसायने झाड साठवणुकीसाठी वापरते. उदाहरणार्थ, धान्य-कडधान्याच्या दाण्यातील फायटेट हा कोंब फुटताना लागणाऱ्या फॉस्फरसचा साठा असतो. यातील काही द्रव्ये शरीराला उपकारक, काही त्रासदायक, तर काही प्रमाणानुसार दोन्ही. त्यामुळे ‘नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक’ हे जितके चूक, तितकेच ‘रसायन आहे म्हणजे विष’ हेही चूक.

पालकाने मुतखडा होतो का?

भीतीला आधार आहे, पण अर्धाच. पालकात ऑक्झलेट भरपूर असते. अर्धा कप शिजवलेल्या पालकात ते ७०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. पालकातील कॅल्शियमही या ऑक्झलेटने बांधलेले असल्याने त्यातील जेमतेम ५ टक्के शरीराला मिळते. दुधातील कॅल्शियमबाबत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आहे.

मात्र ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमशी जोडले गेले तर ते रक्तात न शिरता शौचावाटे बाहेर पडते. म्हणूनच मुतखड्याच्या रुग्णांना दूध-दही बंद करण्याचा जुना सल्ला मागे पडला. इटलीतील २००२च्या एका चाचणीत कमी कॅल्शियमचा आहार घेणाऱ्यांपेक्षा, पुरेसे कॅल्शियम पण मीठ व मांस बेताचे अशा आहारावरील पुरुषांना खडा पुन्हा होण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. त्या हिशेबाने, बदनाम झालेली पालक-पनीरची जोडी मूत्रपिंडाच्या बाजूने पाहिल्यास उलट बरीच म्हणायची.

शिजवण्यानेही फरक पडतो. पालेभाजी उकळून पाणी टाकून दिले तर विद्राव्य ऑक्झलेट ३० ते ८७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे आढळले आहे. नुसत्या वाफेवर शिजवल्यास एवढे जात नाही. कच्च्या पालकाचा रस हा तर उलट्या दिशेचा प्रवास. एका बैठकीत कोणी जुडीभर कच्चा पालक चावून खाणार नाही, पण मिक्सरमधून तो सहज पोटात जातो. अमेरिकेतील एका ६५ वर्षीय महिलेचे मूत्रपिंड ‘ग्रीन स्मूदी’च्या शुद्धीकरण आहारानंतर निकामी झाल्याची नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिची आधी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि प्रतिजैविकेही घेऊन झाली होती. या दोन्हींमुळे ऑक्झलेट जास्त शोषले जाते. आठवड्यातून दोनदा पालकाची पातळ भाजी खाणाऱ्याने या महिलेच्या उदाहरणावरून घाबरण्याचे कारण नाही.

राजम्यातील लेक्टिनचे काय?

येथे धोका खरा आहे, पण तो कच्च्या दाण्याचा. राजम्यातील, म्हणजे आपल्या घेवड्याच्या वर्गातील दाण्यांतील, फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन इतके तीव्र असते की चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. एक ते तीन तासांत त्रास सुरू होतो. पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळले की हे लेक्टिन जवळपास नाहीसे होते. आपल्याकडच्या कुकरने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. गडबड होते ती मंद आचेच्या विजेच्या भांड्यात. ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक त्रासदायक ठरू शकतो.

जपानमध्ये मे २००६ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन घटवण्यासाठी पांढरा राजमा काही मिनिटे भाजून, पूड करून भातावर घेण्याचा उपाय दाखवला गेला. तो करून पाहिलेल्या शेकडो प्रेक्षकांना उलट्या-जुलाब झाले. तेव्हा रील्स नव्हत्या, एवढाच फरक.

कडू दुधीचा रस जिवावर कसा बेततो?

भारतात याबाबतीत सर्वाधिक गांभीर्याने घ्यावी अशी गोष्ट हीच. दुधी, काकडी, दोडका या वेलींमध्ये कुकरबिटॅसिन नावाची अतिकडू द्रव्ये तयार होऊ शकतात. लागवडीच्या वाणांत ती नगण्य असतात, पण एखादे फळ कडू निघतेच. दिल्लीत २०१० मध्ये दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि विषय देशभर गाजला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) तज्ज्ञ समिती नेमली. रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणे असे परिणाम होतात आणि यावर उतारा नाही, असे स्पष्ट झाले. समितीचा सल्ला साधा होता : रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, इतर रसांत मिसळू नका, पिऊन अस्वस्थ वाटले तर तात्काळ रुग्णालयात जा.

अडचण अशी की ‘कडू ते औषधी’ हा समज आपल्याकडे पक्का आहे. कारल्याचा कडूपणा वेगळा आणि दुधीचा वेगळा. कारले कडूच असते. दुधी कडू लागणे ही धोक्याची सूचना असते. दोन्हींचा एकत्र रस काढला की ही सूचनाच झाकली जाते.

लाखोळी डाळीचा वाद अजून का धुमसतो?

वनस्पतीतील द्रव्याने माणसे कायमची अपंग केल्याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे लाखोळी, म्हणजेच खेसारी. तिच्यात ओडॅप हे चेताविषारी अमिनो आम्ल असते. ते १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. ही डाळ महिनोन् महिने आहाराचा मुख्य भाग बनली तर पाय ताठरतात, चालणे कायमचे जाते. मध्य प्रदेशातील रेवा-सतना पट्ट्यात वेठबिगार मजुरांना मजुरीच खेसारीत दिली जात असे. दुष्काळात दुसरे काही खायला नसे. लॅथिरिझमचे रुग्ण बहुसंख्येने या गरिबांतलेच. आठवड्यात एकदा भजी खाणाऱ्या मालकाला काही होत नसे.

केंद्राने १९६१ मध्ये विक्रीवर बंदीची तरतूद केली, तरी पेरा थांबला नाही. कारण उघड आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात भात कापणीआधीच उभ्या पिकात लाखोळी फेकली जाते आणि जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर पीक येते. पाणी नको, मशागत नको. विदर्भातून झालेल्या दीर्घ पाठपुराव्यानंतर महाराष्ट्राने २००८ मध्ये राज्यापुरती बंदी उठवली. पुढे २०१६च्या सुमारास आयसीएमआरच्या पातळीवर रतन, प्रतीक, महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांबाबत अनुकूल भूमिका घेतली गेली, तेव्हा डाळींचे भाव भडकलेले होते. त्यामुळे निर्णय विज्ञानाचा की टंचाईचा, असा प्रश्न विचारला गेला आणि तो गैरवाजवी नव्हता.

कमी ओडॅपचे वाण आहेत हे खरेच, पण बाजारातल्या पोत्यात कोणता दाणा कोणत्या वाणाचा हे डोळ्यांना दिसत नाही. तूर किंवा हरभरा डाळीत, बेसनात तिची भेसळ होते ती वेगळीच. दुसरीकडे, दोन वेळचे जेवण बऱ्यापैकी वैविध्याचे असेल तर अधूनमधून खाल्लेल्या, गरम पाण्यात भिजवून पाणी टाकलेल्या लाखोळीने आजार होतो असे दिसत नाही. सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक याऐवजी बियाण्याची शुद्धता आणि बाजारातील तपासणी यांवर सरकारने खर्च करायला हवा होता. ते फारसे झालेले नाही.

चहा आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध काय?

हा मुद्दा चित्रफितींत फारसा नसतो, पण घराघराशी संबंधित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील ५४ टक्क्यांहून अधिक महिला रक्तक्षयग्रस्त आहेत. धान्य-कडधान्यातील फायटेट आणि चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाशी जोडली जातात व त्याचे शोषण रोखतात. जेवणासोबत चहा घेतल्यास लोहाचे शोषण ६० टक्क्यांच्या आसपास घटल्याचे जुन्या प्रयोगांत दिसले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. चपाती-चहावर दिवस सुरू करणाऱ्या आणि घरातल्यांचे उरकल्यावर जेवणाऱ्या बाईला हा सल्ला पाळणे किती जमेल, हा प्रश्न पोषणशास्त्राच्या बाहेरचा आहे.

मोड आणणे, आंबवणे यांनी फायटेट घटते, तर लिंबू, आवळा, पेरूतील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. फायटेट सर्वस्वी वाईट असेही नाही. पोटभर व चौफेर आहार घेणाऱ्याला त्याची चिंता करण्याचे कारण नाही. ज्याच्या ताटात फक्त भाकरी आणि पातळ वरण, त्याला ते नडते.

चांगली द्रव्ये गोळीतून घेतली तर?

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे आणि त्याचा निकाल धक्कादायक होता. गाजर, हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यातील बीटा कॅरोटिनला श्रेय दिले गेले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतील अशीच चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण तेथे हे प्रमाण २८ टक्के जास्त होते. गाजर निर्दोष होते. त्यातले एकच द्रव्य उचलून मोठ्या मात्रेत रोज देणे अंगाशी आले.

हळदीचेही तसेच. भाजीतल्या अर्धा चमचा हळदीत कर्क्युमिन अत्यल्प असते आणि त्यातलेही फारसे शोषले जात नाही. कॅप्सूलमध्ये ते एकवटलेले असते, शिवाय शोषण वाढावे म्हणून अनेकदा मिऱ्यातील पिपेरिन घातलेले. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांच्या अमेरिकेतील नोंदणीत २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेले १० रुग्ण आढळले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. ग्रीन टीबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटले की, कपातला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित, पण अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी गेल्यास यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात.

खरोखर कोणी जपावे?

ऑक्झलेटचा मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी पालक, बीट, बदाम यांचे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हृदयाची झडप बदललेले आणि वॉरफरिनवर असलेले रुग्ण पालेभाज्या बंद करतात, तेही बरोबर नाही. त्यातील के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते म्हणून प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे असते. कोबी, फ्लॉवर, मोहरीवर्गीय भाज्यांतील द्रव्ये आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात, पण शिजवलेल्या भाजीने आणि आयोडीनयुक्त मिठाने हा प्रश्न बहुतेकांपुरता मिटतो. ग्रेपफ्रूट व त्याच्या कुळातले पपनस काही स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या औषधांची रक्तातील पातळी वाढवू शकते, तेव्हा अशी औषधे सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सर्वांत कडक पथ्य आहे ते डायलिसिसवरील व मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना, कमरख म्हणजेच करमळाचे. निरोगी माणसाला हे आंबटगोड फळ चालते. या रुग्णांत मात्र त्यातील कॅरॅम्बॉक्सिन शरीराबाहेर पडत नाही आणि एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी, भ्रम, आकडी येऊ शकते. अशी उचकी लागली तर घरगुती उपाय करत न बसता, फळ खाल्ल्याचे सांगून रुग्णालय गाठावे.