जमिनीचा हिशोब झाला, पाण्याचा कधी?

पाताळगंगेकाठच्या बैठकीत तेल-गॅसच्या प्रदूषणाचा विषय काढला की कुणीतरी हमखास विचारते, "आपल्याकडे तेलाची विहीर आहे कुठे?"

विहीर नाही, बायांनो. पण कच्च्या तेलापासून बेंझीन निघते, बेंझीनचे नायट्रोबेंझीन होते आणि त्याचे ॲनिलीन. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने हाच माल खालापूरच्या कुशीत बनवला. वसाहतीचे नावसुद्धा रसायनी! बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. ॲनिलीन शरीरात गेले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. आणि आपल्या वाड्यांवरच्या किती बायांच्या अंगात पुरेसे रक्त आहे?

2017 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले तोट्यातले विभाग बंद करायचे ठरवले. कामगारांच्या देण्यांची तरतूद झाली. ती व्हायलाच हवी होती. सुमारे 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायलाही मान्यता मिळाली. एकराचा भाव ठरला. पण त्या एकराखालच्या पाण्याचे काय? 2018 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगा आहे, कर्जतवरून वाहणारी उल्हासही आहे. नदी नासली की घरातला पुरुष म्हणतो, टँकर मागवा. टँकर येईपर्यंत हंडा घेऊन उभी राहते ती बाई. मजुरी बुडते तीही तिचीच.

जमीन गेली तेव्हा मोबदला सात-बारावरच्या नावाला मिळाला. बाईचे नाव सात-बारावर होते कुठे? त्याच शेतात लावणी करणारी ती, पण प्रकल्पग्रस्ताचा दाखला मुलाला आणि नोकरीही मुलाला.

"मग काय, गॅस नको? पुन्हा चूल फुंकता?" असे आम्हांला ऐकवले जाते. चुलीच्या धुराने डोळे आमचेच गेलेत; गॅसचे मोल आम्हांला कुणी शिकवू नये. पण सिलिंडर दिला म्हणून विहीर नासवण्याचा परवाना मिळत नाही.

1997 पासून जनसुनावणी कायद्यात आहे. ती भरते भर दुपारी, बाया कामावर असताना, आणि अहवाल जाडजूड, अवघड भाषेतला. आता रसायनीत नवा प्रकल्प येईल तेव्हा आधी भोवतालच्या विहिरींचे आणि मातीचे नमुने गावासमोर तपासा. निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि सुनावणी संध्याकाळी, वाडीवर घ्या. तोवर आमच्या महिला ग्रामसभेचा अंगठा कुणी गृहीत धरू नये.