सुंदर शहराचा अपुरा हिशेब

अमेरिकेच्या दक्षिण भागातील चार्ल्सटन शहरात निवृत्त दांपत्ये घोडागाडीतून हिंडताना दिसतात. जुन्या घरांचे प्रशस्त सज्जे, बॅटरी नावाचा समुद्रकाठ, सायंकाळी मासळीचे जेवण. आयुष्यभराच्या बचतीतून काढलेला हा एक दिवस. त्यात गैर काहीच नाही. परंतु ही घरे कोणाच्या श्रमांवर उभी राहिली, हा प्रश्न गाडीत बसून सहसा सुचत नाही.

१६७० साली वसलेल्या या शहराचे वैभव तांदळावर आणि पुढे कापसावरही पोसले गेले. ती शेती गुलाम करीत. १८५६ मध्ये रस्त्यावरील लिलावांना बंदी झाली, तेव्हा माणसांची विक्री चाल्मर्स स्ट्रीटलगतच्या आवारांत होऊ लागली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने शहर निर्धन झाले. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही. दारिद्र्याने राखलेल्या या वास्तूंना १९३१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले आणि आज त्यांच्यावरच पर्यटनाचा व्यवसाय चालतो.

लिलावाची एक जागा आता संग्रहालय आहे. आफ्रिकेतून आणलेली माणसे जेथे उतरविली जात, त्या गॅड्सडेन धक्क्यावरही २०२३ मध्ये संग्रहालय उघडले. नगरपरिषदेने २०१८ मध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली. तथापि बाजारात ग्राहक मागेल तेच मांडले जाते. म्हणूनच त्या दांपत्याने दिवसातील एक तास या ठिकाणी घालवावा, याला महत्त्व आहे. केवळ जमेची बाजू वाचून वही मिटणाऱ्याला हिशेब समजला, असे कोणी म्हणत नाही.