स्टेरॉइड सोडा, पण पायरीपायरीने

संधिवातात स्टेरॉइडने लवकर आराम पडतो, म्हणून कुणी गोळी एकदम सोडतो. सांधे पुन्हा सुजले की कुणी औरंगपुऱ्यात जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी मनानेच सुरू करतो. दोन्ही धोक्याचे.

प्रेडनिसोलोन ३ आठवड्यांहून अधिक घेतल्यास मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी मंदावू शकतात. मग गोळी अचानक थांबल्यास उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, प्रसंगी जिवावर बेतते. मनाने चालू ठेवल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. २०२१ च्या काळ्या बुरशीत वाढलेल्या साखरेची किंमत मराठवाड्याने मोजली आहे.

डोस उतरवताना दुखणे उसळले तर डॉक्टरांना दाखवा. कोणत्या तारखेपासून किती मिलिग्रॅम, हे केसपेपरवर मराठीत लिहून देणे आम्हा डॉक्टरांचे कामच आहे. मिळाले नाही तर हक्काने मागा.